दूरच्या फळाचे दान

शेजारच्या घरी एखादा वृद्ध बंधू प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाने अंथरुणास खिळला आहे, आणि त्यास नाशिकच्या इस्पितळात नेण्यापुरते गाडीभाडेही घरात नाही. अशा वेळी त्याच रोगावर उपाय शोधणाऱ्या दूरच्या विद्वानांसाठी गरीब मंडळीने पैसा द्यावा काय? ज्याचे फळ त्या वृद्धाला मिळणार नाही, ते दान प्रीतीचे म्हणावे काय?

हा आक्षेप हलका नव्हे. शुभवर्तमानातील शोमरोन्याने समोर पडलेल्या जखमी मनुष्याला उचलले; वर्गणीचा विचार करीत तो उभा राहिला नाही. परंतु वाचकहो, त्याच्याजवळ तेल व द्राक्षारस होता, आणि वाटेवर उतारशाळा होती, हेही ध्यानात घ्यावे. ही साधने त्याच घटकेस उत्पन्न झाली नव्हती. दुसऱ्या कोणी अगोदर श्रम केले होते, म्हणून त्याची दया कामास आली.

आपल्या प्रांतातील उदाहरण पाहा. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढल्याच वर्षी सर दोराबजींनी त्या रोगाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावे निधी स्थापिला, आणि त्याच वर्षी तेही मरण पावले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. ते पाहण्यास दोघांपैकी कोणीही उरले नव्हते. आज तेथे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील गरीब रुग्ण उपचारासाठी जातात.

त्याच १९४१ साली अमेरिकेत शिकागो येथे डॉक्टर चार्ल्स हगिन्स व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषाच्या शरीरातील संप्रेरकावर पोसतो, व ते संप्रेरक तोडल्यास रोग ओसरतो. या शोधाबद्दल हगिन्स यांस १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे ज्ञान केवळ धनाने लाभले नाही. ज्या रुग्णांनी आपले दुखणे उघड केले व वैद्यांच्या हाती शरीर सोपविले, तेही त्या कार्यातील दातेच होत.

आम्हा नाशिककरांस तर दूरच्या दानाचे नवल वाटू नये. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना येथील शरणपुरात आश्रय व शिक्षण मिळाले. त्यांतील कित्येक पुढे पूर्व आफ्रिकेत सेवेस गेले. विलायतेतील ज्या गरिबांनी मिशनच्या पेटीत नाणी टाकली, त्यांनी शरणपूर कधी पाहिलेही नव्हते.

तथापि दूरचे ऋण फेडताना जवळचे विसरू नये, आणि जवळचे पहिले ऋण पैशाचे नव्हे, तर शब्दाचे आहे. हा रोग बहुधा उतारवयात होतो, व आरंभी पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाही. लघवीस अडथळा आल्यास तो बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीचा असतो. परंतु भेद ओळखणे वैद्याचे काम आहे. लघवीत रक्त दिसणे किंवा पाठीची हाडे सतत दुखणे, हे तर कदापि लपवू नये. आमचे वडीलधारे लज्जेने मौन धरतात, आणि रोग हाडांत शिरल्यावर घरच्यांस कळते. रक्तस्रावाने पीडित स्त्री गर्दीत लपतछपत प्रभूजवळ आली. प्रभूने तिला बरे केले, पण लपून जाऊ दिले नाही. सर्वांसमक्ष तिने खरे ते सांगितले, व मगच ती शांतीने गेली.

म्हणून आमचे म्हणणे असे: प्रथम शेजाऱ्याचे गाडीभाडे द्यावे, व त्याच्यासोबत इस्पितळात जावे. उपदेशकांनी वृद्धांच्या भेटीस गेल्यावर या दुखण्याविषयी निःसंकोच विचारावे. त्यानंतर जे उरेल त्यातून, विधवेच्या दोन टोल्यांइतके का होईना, उपायाच्या शोधासाठी द्यावे. आजचा रुग्ण आपला शेजारी आहे. पन्नास वर्षांनी आजारी पडणारा मनुष्यही देवाच्या दृष्टीने आपला शेजारीच आहे.