स्वस्तात मिळालेले दुकान

हिजरतीनंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेत आले, तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. त्यांचे अन्सारी बंधू हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली निम्मी मालमत्ता त्यांना देऊ केली. त्यांनी बंधूंना दुआ दिली आणि एवढेच विचारले की, येथील बाजार कोठे आहे? तूप आणि सुकवलेले दही यांच्या लहानशा विक्रीपासून त्यांनी प्रारंभ केला. आज आपला जो तरुण नोकरीची वाट पाहत बसण्याऐवजी बाजाराची वाट विचारतो, तो याच परंपरेचा वारस आहे.

सातारा-सांगली भागातील मुस्लिम समाजाला ही वाट अपरिचित नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, पिंजारी ही आपली आडनावेच धंद्यांची आहेत. फळे, विड्याची पाने, सुगंधी द्रव्ये, बांगड्या, कापूस यांवर कित्येक पिढ्या जगल्या. आता वडिलांचा धंदा चालत नाही किंवा पुरत नाही, म्हणून तरुण दुसऱ्याचे चालू दुकान विकत घेण्याचा विचार करतो. तयार जागा, तयार गिऱ्हाईक आणि जमलेला जम मिळतो, म्हणून हा विचार वाजवी आहे. मात्र भांडवल थोडे असल्याने तो शोधतो ते ‘स्वस्त’ दुकान. येथेच आपण थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे: ते स्वस्त का आहे?

समजा, कोरेगावच्या पेठेतील एक किराणा दुकान विक्रीस निघाले आहे. किंमत रास्त भावापेक्षा पुष्कळ कमी आहे. त्याची कारणे बहुधा दोनच असतात: एकतर दुकानात काही दोष आहे, नाहीतर मालक अडचणीत आहे.

प्रथम दोषाचा विचार करू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. दुकानाच्या व्यवहारातही अशी ओली रास असते. कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. त्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. घेवड्याचा पैसा शेतकऱ्याच्या हाती येतो, त्या दिवसांतील पेठेची गर्दी दाखवून वर्षभराच्या उलाढालीचा अंदाज देणे, ही राशीची कोरडी बाजू वर ठेवणेच होय. जागामालक जागा रिकामी करून मागत आहे, फळीवरील मालाची मुदत संपत आली आहे, नोकराचे पगार थकले आहेत, या गोष्टी विचारल्यावाचून सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. कायदाही येथे सावध करतो: वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 च्या कलम 85 नुसार व्यवसाय हस्तांतरित झाल्यावर त्यापूर्वीच्या थकीत कराची जबाबदारी विकणारा व घेणारा या दोघांवर येते.

दुकानाबरोबर दोन अदृश्य वस्तूही विकल्या जातात. एक म्हणजे नाव. नावाला किंमत लावता येते काय? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 च्या कुवेत अधिवेशनात व्यापारी नाव हा मूल्य असलेला हक्क मानला. अनिश्चितता व फसवणूक नसेल तर तो विकता येतो. दुसरी वस्तू म्हणजे उधारीची वही. ऐंशी हजारांची येणी पन्नास हजारांना विकत घेणे बहुसंख्य फकीह अमान्य करतात. कारण त्यात पैशाच्या बदल्यात कमी-अधिक पैसा येतो आणि वसुलीचीही शाश्वती नसते. ही येणी जुन्या मालकाचीच राहावीत. नव्याने हवे तर ठरलेल्या मेहनतान्यावर ती वसूल करून द्यावीत.

आता दुसरे कारण. दुकान निर्दोष आहे, पण घरातील आजारपणाने मालकाला आठवड्यात पैसे हवे आहेत. सहा लाखांचे दुकान तो चार लाखांना द्यायला तयार आहे. आपण कोणतीही लबाडी केलेली नाही. दिव्य कुरआनने व्यापारासाठी परस्पर संमतीची अट घातली आहे, आणि संमती तर मिळाली आहे. मग प्रश्न कोठे उरतो?

वाचकहो, प्रश्न त्या संमतीतच आहे. जबरदस्तीने घडवलेली विक्री बहुसंख्य फकीह वैध मानत नाहीत. गरजेपोटी केलेली विक्री ते वैध मानतात. परंतु अडलेल्याला आणखी खाली ओढण्याऐवजी त्यास साहाय्य करावे, असेही सांगतात. वैध असणे आणि शोभणे यांत अंतर आहे. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्यासाठी त्यांच्या सेवकाने तीनशे दिरहमला घोडा ठरवला. घोडा पाहून त्यांनी मालकास सांगितले की, याची किंमत याहून अधिक आहे. मग शंभर-शंभर वाढवत त्यांनी आठशे दिरहम मोजले. प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची प्रतिज्ञा त्यांनी प्रेषितांपाशी (स.) केली होती. आपल्यासमोरचा विक्रेता कोणत्याही धर्माचा असो, न्यायाची कुरआनी आज्ञा त्याच्याबाबतीतही तितकीच लागू आहे.

आपण म्हणाल, हजरत जरीर (रजि.) यांच्यापाशी आठशे दिरहम होते, माझ्यापाशी पत्नीचे दागिने मोडून आलेले चार लाखच आहेत. हा आक्षेप खरा आहे. ऐपतीपलीकडचा भार अल्लाह कोणावर टाकीत नाही. पण पैसा नसला तरी सत्य आणि मुदत या दोन गोष्टी आपल्यापाशी असतात. दुकान सहा लाखांचे आहे हे मान्य करावे, चार लाख आज द्यावेत आणि दोन लाखांचे हप्ते ठरवावेत. एकूण किंमत कराराच्या वेळीच निश्चित करावी आणि हप्ता लांबला तरी ती वाढू नये. उधारीचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनच्या सर्वांत दीर्घ आयतीत आहे. तिचे पालन करावे. किंवा त्या दोन लाखांपुरती मालकाची भागीदारी ठेवावी, नफ्यात आणि तोट्यातही. अशाने व्याजाच्या कर्जाचे दार ठोठावण्याची वेळ येत नाही आणि अडलेल्या माणसाचा हक्कही बुडत नाही.

सौदा ठरण्यापूर्वी मनाला एकच प्रश्न विचारावा: आपण जे दोन लाख वाचवीत आहोत, ते कोणाच्या घरातून येत आहेत? उद्या तोच जुना मालक आपल्या दुकानावरून जाईल. त्याने थांबून सलाम करावा किंवा रामराम घालावा, की मान फिरवून पुढे जावे, हे आजच्या सौद्यावर ठरते. खरे बोलणाऱ्या ग्राहक-विक्रेत्यांच्या व्यवहारात बरकत असते आणि दोष लपवल्यास ती पुसली जाते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ज्या गल्ल्यावर बरकत नाही, तो कितीही स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो.

अल्लाह आपल्या तरुणांच्या हाताला हलाल रोजी आणि त्यांच्या तराजूला न्याय देवो. आमीन.