पुतळा आणि पतंग

गुरुवारची आरती झाली की आम्ही तिघे निवृत्त मित्र देवळामागच्या औदुंबराच्या पारावर बसतो. एक शाळामास्तर, एक एसटीतले कंडक्टर आणि मी बँकेतला कारकून. बोलणं गुडघेदुखीवरून सुरू होतं आणि हमखास सिनेमावर येतं. मागच्या महिन्यात विषय निघाला ‘पिंजरा’चा. व्ही. शांताराम यांचा हा १९७२ सालचा चित्रपट आम्ही तिघांनीही तरुणपणी थेटरात पाहिलेला.

गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. डॉ. लागूंचे आदर्श गुरुजी तमासगिरिणीच्या मोहात पडतात. दुसऱ्याच माणसाचं प्रेत त्यांचं समजलं जातं. गाव त्यांचा पुतळा उभारतं. शेवटी स्वतःच्याच खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. आपली ओळख सांगितली तर सुटका आहे, पण गावाची श्रद्धा मोडेल, म्हणून ते गप्प राहून शिक्षा पत्करतात.

मास्तर म्हणाले, “बरोबर केलं गुरुजींनी. पोरांसमोर आदर्श टिकला पाहिजे.”

कंडक्टर म्हणाले, “पण मास्तर, लोक हात जोडतात ते कुणाला? जो कधी पडलाच नाही अशा माणसाला. तो तर नव्हताच ना!”

मी मास्तरांची बाजू घेतली, आणि जरा जास्तच जोरात घेतली. घरी आल्यावर झोप येईना. एवढा का भांडलो मी?

कारण मला माहीत होतं. नोकरीतली एक संध्याकाळ. कॅश मोजली तर शंभराची एक नोट जास्त. नियमाप्रमाणे तिची नोंद करायला हवी होती. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली, उद्या कमी पडली तर भरायला होईल म्हणून. दुसऱ्या दिवशी पेन्शन घेऊन गेलेली एक म्हातारी आली. “साहेब, शंभर कमी भरले हो.” काल नोंद केली नाही हे उघड होईल, या भीतीने मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं : पैसे मोजूनच काउंटर सोडावे. ती काही न बोलता गेली. पुढे निवृत्तीच्या समारंभात सगळे म्हणाले, हिशेबाला चोख माणूस. मी हार घालून घेतला. माझाही पुतळाच झाला की!

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात पृथ्वी आहे, सूर्य आहे. पण दिव्यावर झेपावून जळणारा पतंगही आहे आणि पिंगला वेश्याही आहे. अवधूताने त्यांचं पडणं झाकलं नाही. ते पडले, आणि त्यातूनच तो शिकला. म्हणजे गुरू निष्कलंक असलाच पाहिजे असं नाही. शिकणाऱ्याला खरं दिसलं पाहिजे. गुरुजींचा त्याग मोठाच. पण ‘मीच तो, आणि मी असा पडलो’ एवढं ते बोलले असते, तर गावाला पुतळ्यापेक्षा मोठा धडा मिळाला असता, असं आता मला वाटतं.

पुढच्या गुरुवारी पारावर मी मित्रांना म्हातारीची गोष्ट सांगितली. मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आता पुढं?” म्हातारी आज हयात असेल असं वाटत नाही. ते शंभर रुपये पोचवायला पत्ता नाही. निदान खोटा हार तरी उतरवून ठेवावा, म्हणून दत्तजयंतीच्या निमित्ताने हे लिहिलं.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!