आधी खरं, मग क्षमा

आजचं वचन: मत्तय १८:१५-२२

पेत्राचा प्रश्न सगळ्यांना आठवतो: क्षमा किती वेळा करायची, सात वेळा? पेत्र मासेमार होता. आमच्या खारदांड्यात हे लगेच कळतं. एकाच होडीत जाळं ओढायचं तर मनात अढी ठेवून चालत नाही.

पण त्याच अध्यायात प्रभू आधी सांगतो: भावाने अपराध केला तर त्याला एकांतात गाठून बोल. आपण मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलतो, नाहीतर गप्प बसतो आणि त्यालाच क्षमा समजतो.

लक्ष्मीबाई टिळक बघा. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि दोघांची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. तरी ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा तापटपणा लपवला नाही, आणि कडवटपणाही येऊ दिला नाही.

आज ज्याच्यावर राग आहे, त्याच्याशी एकट्याशी बोला. एकट्याने जाणं धोक्याचं असेल तर विश्वासू माणूस सोबत घ्या; भावाने ऐकलं नाही तर कुणाला तरी सोबत न्यायला सोळावं वचनही सांगतं.

प्रार्थना: प्रभू येशू, खरं बोलायला धैर्य दे आणि बोलताना प्रीती दे. आमेन.