चौक कुठे राहिला?

सालवडहून बोईसर स्टेशनकडे निघालेल्या रिक्षात बसलं की बाहेर तारापूर एमआयडीसी सरकत राहते. औषधांचे, रसायनांचे, पोलादाचे कारखाने, टँकरच्या रांगा, शिफ्ट सुटल्यावर टपऱ्यांपुढे होणारी गर्दी. हा मुलूख वारल्यांचा आहे, हे अशा ठिकाणी सांगतात त्या भिंती. पालघर जिल्ह्यात कुठे शाळेचं कुंपण, कुठे सरकारी इमारत, कुठे हॉटेलची दर्शनी बाजू गेरूच्या रंगात रंगवलेली असते आणि तिच्यावर पांढरी माणसं नाचत असतात. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचं धड, वर वाटोळं डोकं. मधे तारपा वाजवणारा, भोवती वेटोळं घालून नाचणारी रांग. शिवाय बैलगाडी, ताडावर चढलेला माणूस, पाण्याला निघालेल्या बाया.

या भिंतींवर गावाचं सारं बिऱ्हाड असतं. फक्त एक चौकोन बहुधा नसतो.

वारली घरात चित्राची सुरुवात त्या चौकोनापासून होते. लग्न निघालं की कारवीच्या कुडाची भिंत शेणमातीनं सारवायची, तिच्यावर गेरू द्यायचा. तांदूळ वाटून केलेलं पांढरं पाणी वाटीत घ्यायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि सवाशिणींनी चौक लिहायचा. हो, ‘लिहायचा’, चौक काढला असं म्हणत नाहीत. चौकोनाच्या कडांना नक्षीच्या पट्ट्या, आत पालघट देवी. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. धवलेरी गाण्यातून देवांना बोलावते आणि लग्न लावते, तीही बाईच. वरात, झाडं, नाच, जनावरं ही सगळी चौकाबाहेरची मंडळी. लग्नाला जमलेला गोतावळाच तो.

म्हणजे रस्त्यावरच्या भिंतीवर आला तो गोतावळा. मग देवी घरीच राहिली, असं म्हणायचं का?

उत्तर इतकं सरळ नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यांनी वारल्यांच्या हाती कागद आणि रंग दिले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नाची वाट न पाहता चित्रं काढू लागले. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावर मासे पकडणारे आले, वारुळं आली, तसा चौकही आला. तो चौक विकला गेला, परदेशातल्या भिंतींवर टांगला गेला. त्या चित्रात पालघट आहे का?

हा पेच मराठी माणसाला परका वाटायला नको. भाद्रपदात शाडूची मूर्ती दुकानातून घरी येते तेव्हा ती मूर्तीच असते. प्राणप्रतिष्ठा झाली की देव, उत्तरपूजा झाली की पुन्हा माती. बोलावणं आणि निरोप या दोहोंच्या मधे देव राहतो. चौकाचंही पुष्कळसं तसंच आहे. रेषा त्याच असतात. त्यांच्यापुढे धवलेरी गायली की नाही, यावर त्या रेषा कोण आहेत ते ठरतं.

पण इथे एक फरक आहे आणि तो त्या वाटीत आहे. वारल्यांची धान्यदेवी कणसरी. चौक ज्या तांदळानं लिहायचा, तो तांदूळच तिचं रूप. म्हणजे इथे रंग देवाचं चित्र काढण्याच्या कामी येतो एवढंच नाही. रंगातही देव आहे. कुंपणाच्या भिंतीवर त्या जागी डब्यातला पांढरा रंग येतो. तो पावसाळे काढतो, त्याला कीड लागत नाही. तांदळाचं पाणी मात्र चुलीच्या धुरानं काळवंडतं, पोपडे धरतं. टिकाऊपणाच्या हिशेबात डबा जिंकतो. पण चौकाला टिकायचं होतं कुठे?

टिकवण्याचा आग्रह माणसाला कुठवर नेतो, याचं एक उदाहरण कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत आहे. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या होली ट्रिनिटी कॅथेड्रलमध्ये 1950-51 च्या सुमारास स्थानिक चित्रकारांनी बायबलमधले प्रसंग भिंतींवर रंगवले आणि ते थेट आपल्या बेटावर आणून बसवले. विल्सन बिगो यांनी काना गावातलं लग्न रंगवलं, तेही हैतीतल्या गावातलं. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपात कॅथेड्रल कोसळलं. 14 भित्तिचित्रांपैकी तीन उभी राहिली. त्यांत बिगोंचं लग्न नव्हतं. उरलेली तीन तज्ज्ञांनी भिंतीवरून अलगद सोडवून जपून ठेवली. त्यांना वाचवणं योग्यच होतं. तिथे चित्र एकदाच झालं होतं, पुन्हा होणार नव्हतं.

पाड्यावर गोष्ट उलटी आहे. तिथे चौक दर लग्नाला नव्यानं होतो, म्हणून जुना जाऊ शकतो. जपायचं असेल तर भिंत जपून भागत नाही, ती लिहिणारी आणि गाणारी बाई जपावी लागते. आणि नेमका तिथेच बाजाराचा वाटा सर्वांत थोडा आहे. चित्राला पैसा आणि नाव मिळू लागलं तशी काडी मोठ्या प्रमाणावर पुरुषांच्या हाती गेली. धवलेरीचं गाणं कागदावर उतरत नाही, चौकटीत बसवून विकता येत नाही.

उद्या एखाद्या ठेकेदारानं शाळेच्या कुंपणावरचा तारपा नाच चुन्यानं पुसून टाकला, तर लोक हळहळतील, कदाचित तक्रारही करतील. पाड्यावर धुरकटलेल्या चौकावर शेणमातीचा हात फिरतो तेव्हा तक्रार कुणाकडे करायची? तो हात घरातल्याच बाईचा असतो आणि पुढच्या लग्नाचे तांदूळ तिनं बाजूला काढून ठेवलेले असतात.