श्येनविनोद आणि परजीवाचे दुःख

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नामक संस्कृत ग्रंथ रचिला. त्यात राजाने वेळ कसा घालवावा यासाठी वीस विनोद सांगितले आहेत आणि त्यांत ‘श्येनविनोद’ म्हणजे ससाण्याकडून पक्षी मारविण्याचा खेळ गीतवाद्यांच्याच पंक्तीला बसला आहे. आपल्या मराठवाड्याची भूमी त्या काळी याच राजवटीखाली होती. (आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भोग वाढविणारे नगर! त्या नगराच्या दात्यांची नावे मात्र सांची व भारहूत येथील शिलालेखांत दानासाठी कोरली गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.)

पुढे विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा हातावर ससाणा घेऊन घोड्यावरून निघालेला एका सुंदर चित्रात रंगविला गेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीचे ते चित्र आज रशियात आहे. फ्रान्सच्या पंधराव्या लुईसाठी व्हान लो नावाच्या चित्रकाराने १७३७ साली शिकारीच्या विसाव्याचे चित्र काढिले. त्यात रेशमी वस्त्रे ल्यालेले स्त्रीपुरुष गवतावर बसून भोजन करीत आहेत. दोन्ही चित्रे नेत्रांस सुखवितात. ज्या प्राण्याच्या मरणासाठी हा सारा थाट, त्याची तडफड मात्र त्या सुखात कोठे दिसत नाही. येथेच प्रश्न उभा राहतो. राजाने स्वहस्ते काहीच मारिले नाही. मारिले ते ससाण्याने, आणि मारणे हा तर ससाण्याचा स्वभावच होय. मग दोष कोणाचा?

ससाणा कसा शिकवितात ते पाहिले म्हणजे उत्तर सोपे होते. त्यास जाळ्यात धरितात, डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवितात, पायांत वादी बांधितात, उपाशी ठेवितात, झोपू देत नाहीत. हातावरचाच घास खाईल तेव्हा कोठे तो मनुष्याचा होतो. रानातला ससाणा भूक भागली की थांबतो. येथे भूक मुद्दाम राखिली जाते, त्याने धरिलेले भक्ष्यही काढून घेऊन त्याच्या चोचीत एक तुकडा दिला जातो. म्हणजे एका जीवास बंधनात घालून त्याच्याकरवी दुसऱ्याचा प्राण घ्यावयाचा. स्वभाव ससाण्याचा असेल, पण हेतू त्याचा नव्हे. योगशास्त्राने हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार केले आहेत. श्येनविनोदात राजा दुसऱ्या प्रकारात आणि भोवतीचा परिवार तिसऱ्यात सापडतो. ‘मी केवळ पाहत होतो’ हे म्हणणे तेथे टिकत नाही.

कोणी म्हणेल, पारधीही मारितोच, त्याचे काय? लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांच्या भयाने धावत आलेला ससा सर्वज्ञांच्या जानूतळी शिरला. पारध्यांनी मागितला तरी सर्वज्ञांनी तो दिला नाही, आणि ते गेल्यावर त्या सशास एखाद्या महात्म्यास द्यावा तसा आदराने निरोप दिला. या लीळेत पारध्यांचा धिक्कार नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पोटासाठी रानात फिरणारा आणि रमण्यासाठी मारविणारा यांस एका मापाने मोजता येणार नाही. दोष पहिल्यासही आहे, तथापि पोट भरण्याची दुसरी वाट मिळाली तर तो मारणे सोडू शकतो. विनोदासाठी मारविणाऱ्याची भूक कधी भागावयाची? पीक राखण्यासाठी रात्र जागणारा आपला शेतकरी तर या दोघांहून वेगळा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे असे पक्षी धरणे गुन्हा ठरविले. उलट २०१० साली युनेस्कोने ससाणे पाळण्याच्या कलेस मानवजातीच्या वारशात स्थान दिले. पक्ष्याशी जुळणाऱ्या मनुष्याच्या मैत्रीचे तेथे कौतुक होते. ते कौतुक सर्वस्वी खोटे आहे असे नव्हे. कित्येक ससाणे मोकळे सोडिले तरी हातावर परत येतात. पण उपासाने जोडिलेल्या त्या नात्यास मैत्री म्हणावे काय, याचा विचार त्या पक्ष्याच्या बाजूने कोणी केलेला दिसत नाही.

आपल्या शिवारातही पिंजऱ्यातील बोलका तितर ठेवून रानातले तितर फाशात ओढण्याची जुनी रीत आहे. तेथे ना रेशीम, ना घोडे. पण एका बंदिवान जीवाचा कंठ दुसऱ्याच्या नाशासाठी वापरणे तेच. असा पिंजरा ज्या वासनिकाच्या ओसरीवर टांगलेला असेल, त्याने त्या तितराची हाक एकदा कान देऊन ऐकावी आणि ती कोणासाठी आहे ते स्वतःस विचारावे.