मेवाडातील हिंडती देवळे

मेवाडच्या प्रवासाचे जे वर्णन प्रवासपुस्तकांतून आणि माहितीपत्रकांतून आढळते, त्यात जागच्या जागी उभ्या असलेल्या गोष्टींचीच गर्दी असते. चितोडचा किल्ला 1303, 1535 आणि 1568 अशा तीन वेळा पडला, तरी तो तेथेच आहे. कुंभलगडाची तटबंदी आणि उदयपूरचे तलाव व वाडे हेही हललेले नाहीत. त्यामुळे हिंडायचे ते प्रवाशाने आणि प्रदेशाने त्याची वाट पाहत थांबायचे, अशी समजूत नकळत तयार होते. त्याच समजुतीने या प्रदेशाच्या लोककलांकडे पाहिले, की दुकानात टांगलेले कापडी चित्र, फळीवर मांडलेले रंगीत लाकडी कपाट, भिंतीत बसवलेली मातीची मूर्ती अशी वस्तूंची एक यादी तेवढी हाती लागते. मेवाडात आणि त्याला लागून असलेल्या मारवाडात पिढ्यान्‌पिढ्या चित्र हिंडत होते आणि पाहणारा आपल्या गावी बसून होता, ही गोष्ट त्या यादीत मावत नाही.

येथे देवही प्रवासाला निघालेला आहे. औरंगजेबाच्या काळात, 1669 मध्ये, श्रीनाथजींची मूर्ती गोवर्धनाहून हलवण्यात आली आणि मजल दरमजल करीत ती मेवाडातील सिहाड गावी पोहोचली. गाडीचे चाक तेथे रुतले आणि तीच देवाची इच्छा मानली गेली, अशी कथा सांगतात. 1672 पासून ते गाव नाथद्वारा झाले आणि मूर्तीमागे लावायच्या चित्रित पडद्यांची, म्हणजे पिछवाईची, मोठी परंपरा तेथे वाढली. परंतु श्रीनाथजी एकदा निघाले आणि स्थिरावले. ज्यांच्या देवांना स्थिरावणे परवडणारे नव्हते अशा उंटपाळांची, गुराख्यांची आणि भिल्लांची गोष्ट वेगळी आहे, आणि फडीचा जन्म त्यांच्या गरजेतून झालेला आहे.

फड हा शब्द मराठी वाचकाला तमाशाची किंवा उसाची आठवण करून देईल. येथे मात्र तो स्त्रीलिंगी आहे आणि त्याचा अर्थ लोकदेवतेची कथा रंगवलेला लांबलचक कापडी पट असा आहे. पाबूजीची फड साधारण पंधरा फूट लांब असते, देवनारायणाची त्याच्या दुप्पट. (1992 साली टपाल खात्याने देवनारायणाच्या फडीवर तिकीट काढले, तेव्हा या अजस्र पटाला दोन बोटांच्या जागेत बसावे लागले.) खादीच्या कापडाला खळ देऊन आणि दगडाने घोटून त्यावर चित्र काढायचे, हे काम भिलवाडा आणि शाहपुरा येथील जोशी घराण्यांकडे परंपरेने चालत आले. चित्रकार मात्र कथा गात नाही. गाणारा भोपा निराळ्या समाजाचा: पाबूजीचे भोपे प्रामुख्याने नायक समाजातले, देवनारायणाचे मुख्यतः गुर्जर. चित्र पूर्ण होताना सर्वांत शेवटी मुख्य देवतेच्या डोळ्यांत बुबुळे रंगवली जातात आणि त्या क्षणापासून ते कापड देऊळ ठरते. मग भोपा ती गुंडाळून खांद्यावर घेतो, बोलावणे येईल त्या गावी जातो, यजमानाच्या दारासमोरची जागा स्वच्छ करून संध्याकाळी फड उभारतो आणि धूपदीप झाल्यावर रात्रभर कथा गातो. जनावरांवरची रोगराई टळावी म्हणून किंवा नवस फेडण्यासाठी हा जागर होतो; संपूर्ण कथा एका रात्रीत संपत नाही आणि ती संपवावी अशी कोणाची अपेक्षाही नसते.

या गाण्याला तेथील लोक ‘फड वाचणे’ म्हणतात, आणि वाचणाऱ्या भोप्याला अक्षरओळख असतेच असे नाही. त्यामुळे येथे वाचन म्हणजे नेमके काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पाबूजीच्या महाकाव्याचा अभ्यास 1991 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणारे संशोधक जॉन डी. स्मिथ यांनी दाखवून दिले, की फडीवरील प्रसंगांची मांडणी ते केव्हा घडले यावर नव्हे, तर कोठे घडले यावर ठरते. पाबूजी हा कोळू गावचा राठोड वीर. त्याचा दरबार पटाच्या मध्यभागी असतो आणि दरबारातली त्याची एकच भव्य आकृती कोळूत घडलेल्या अनेक प्रसंगांना पुरते. पुतणीला लग्नात सांडणी देण्याचे वचन पाळण्यासाठी त्याने ज्या लंकेतून उंट आणले ती लंका दूर एका जागी आहे, आणि ज्या उमरकोटला तो वरात घेऊन गेला व गाई सोडवण्यासाठी लग्नाचे विधी अर्धवट टाकून उठला, ते उमरकोट दुसऱ्या जागी. म्हणजे फड हा कथेचा नकाशा आहे. भोपा कथेतल्या काळाबरोबर पुढे सरकताना पटावर मात्र इकडून तिकडे, कोळूहून लंकेला आणि लंकेहून पुन्हा कोळूला येरझारा घालतो, आणि ही चाल हेच त्याचे वाचन होय. चित्रातल्या व्यक्तीही प्रेक्षकाकडे पाहत नाहीत. त्या एकमेकांकडे तोंड करून आपापल्या व्यवहारात गुंतलेल्या असतात, कारण प्रेक्षकाशी बोलण्याचे काम भोप्याचे आहे.

पाबूजीच्या भोप्याच्या हातात रावणहत्था असतो, म्हणजे नारळाच्या करवंटीचे आणि बांबूच्या दांड्याचे, घुंगरू लावलेल्या गजाने वाजवायचे तंतुवाद्य. त्याची पत्नी भोपी पदर ओढून सोबत गाते आणि हातातला दिवा चालू प्रसंगाजवळ धरते. पटावर शेकडो आकृती असल्या, तरी अंधारात उजळतो तो तेवढाच तुकडा. वापरून जीर्ण झालेल्या फडीचे पुष्करसारख्या तीर्थात विसर्जन करतात आणि त्याला ती ‘थंडी करणे’ म्हणतात; मोहरमचे ताबूत थंडे होतात हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ही भाषा परकी वाटणार नाही.

चितोडजवळच्या बस्सी गावचे सुतार जी कावड करतात, तीही असेच फिरते देऊळ आहे: घडीच्या दारांमागे दारे असलेले चित्रमय कपाट, जे कावडिया भाट यजमानांच्या घरी नेतो आणि एकेक दार उघडत कथा व वंशावळ सांगतो. नाथद्वाऱ्याजवळच्या मोलेला गावात चाल उलटी होते. तेथे भिल्ल आणि गुर्जर भक्तच आपल्या भोप्यासह लांबून येतात आणि देवाची मातीची मूर्ती निवडून गावच्या देवळीत नेऊन बसवतात.

पर्यटकांच्या मागणीने या साऱ्या व्यवहाराचे रूप पालटले, पण ते सर्वांसाठी सारखे पालटले नाही, आणि लोककला टिकली की बुडाली या नेहमीच्या वादात हा फरक हरवतो. चित्रकाराला नवा यजमान मिळाला. श्रीलाल जोशी यांना 2006 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घराण्याबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही ही कला शिकवली. दिवाणखान्यात मावेल अशी लहान फड, एकाच प्रसंगाची फड, रामायणाची फड निघू लागली. ही तडजोड हीन मानण्याचे कारण नाही. पोट भरल्याशिवाय कोणतीही परंपरा उभी राहत नाही. मात्र भोप्याशिवाय पाहिली जाणारी फड स्वतःच कळावी लागते, त्यामुळे नकाशाची रचना मागे पडते आणि क्रमाने लावलेले किंवा सुटे केलेले प्रसंग पुढे येतात. एका अर्थाने ती दक्षिण कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथीजवळ सरकते. तेथील ठाकर समाजाच्या पोथीत सुटी कागदी चित्रे एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातील आख्याने सांगितली जातात, म्हणजे तेथे मुळातच क्रम महत्त्वाचा. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी, आणि तेथे चित्र व कथन एकाच घरात राहिल्याने दोहोंचे भवितव्यही एकत्र बांधलेले आहे. मेवाड-मारवाडात ते दोन समाजांत विभागलेले होते, आणि बाजाराने नेमके चित्र उचलले.

भोप्याचे दुःख असे, की त्याचे कौशल्य भिंतीवर टांगता येत नाही. कोमल कोठारी यांनी विजयदान देथा यांच्यासह बोरुंदा येथे रूपायन संस्थान उभारून लोकगायकांची गाणी आणि कथा ध्वनिमुद्रित केल्या, आणि अशा श्रमांचे मोल मोठे आहे. पण ध्वनिमुद्रण म्हणजे जागर नव्हे, आणि उंटांचे कळप आटत गेले तसा त्यांच्यासाठी नवस बोलणारा यजमानही आटत गेला. हॉटेलच्या अंगणात भोपा आता पाहुण्यांसमोर दहापंधरा मिनिटे रावणहत्था वाजवतो आणि मागे शोभेला फड लावलेली असते. विजेच्या प्रकाशात ती सगळी एकदम दिसते, त्यामुळे भोपीच्या दिव्याला तेथे काही काम उरत नाही.