बालपणीचा शोक आणि लेखन

लहान मूल शोक करू शकते का, हा मनोविश्लेषणातला जुना वाद आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शोक हे मनाला करावे लागणारे काम आहे, असे मांडले. गेलेल्या माणसाची एकेक आठवण जागी होते, ते माणूस आता नाही हे दर वेळी नव्याने मानावे लागते आणि त्याच्यात गुंतलेला जीव सावकाश मोकळा होतो. हेलेन डॉइच यांच्या मते (१९३७) मुलाच्या मनाला हा भार पेलत नाही. मूल दुःख बाजूला सारते आणि पुढे कधीतरी ते दुःख वेगळ्या रूपात वर येते. जॉन बोल्बी यांनी याला हरकत घेतली. जवळचे मोठे माणूस आणि प्रश्नांना खरी उत्तरे मिळाली, तर मूलही शोक करते, असे त्यांचे म्हणणे होते.

लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचे उदाहरण इथे बोलके आहे. १८९५ साली आई गेली तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. आईच्या खोलीत रडणारी नर्स पाहून आपल्याला हसू आले, आतून काहीच वाटले नाही, असे त्यांनी उतारवयातल्या आठवणींत नोंदवले आहे. नंतर मुका घेताना आईचा चेहरा लोखंडासारखा थंड लागला, हेही त्या विसरल्या नव्हत्या. चाळिशी उलटेपर्यंत आई त्यांच्या मनातून हलली नाही. १९२७ साली ‘टू द लाइटहाउस’ ही कादंबरी आली. तीत आईच्या रूपातल्या मिसेस रॅमसे यांचा मृत्यू कंसातल्या एका वाक्यात, जाता जाता उरकला आहे. ही कादंबरी लिहिल्यावर आईचा आवाज ऐकू येणे थांबले. मनोविश्लेषक रुग्णासाठी करतात ते आपण स्वतःसाठी केले असावे, असे वुल्फ यांना वाटले. पण वर्णन केल्याने भावना फिकी का व्हावी, हा प्रश्न त्यांनी उघडाच ठेवला.

याचे उत्तर असे देता येईल: लेखनाने नाते तुटत नाही, त्याची जागा बदलते. न बोलावता येणारी आठवण लिहिणाऱ्याला हवी तेव्हा हाती घेता येते. म्हणूनच वुल्फ १९३९ साली आईबद्दल पुन्हा लिहू शकल्या. मुलगी सोफी गेल्यावर नऊ वर्षांनी फ्रॉइड यांनीही एका पत्रात तिची जागा कुणीच भरून काढू शकत नसल्याचे मान्य केले. शोक संपला पाहिजे, हा आग्रह त्यामुळे टिकत नाही. न रडणाऱ्या मुलाला दुःख झालेच नाही, असे तर मुळीच समजू नये.